दोष माशाचा कीं टाकीचा?

माशांची टाकी घरीं बाळगणाऱ्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें: "हा मासा जातीचाच भांडखोर, त्याला कोण काय करणार?" दुकानांतून चार-पांच रंगीत खुजे सिक्लिड आणावयाचे, दिवाणखान्यांतल्या लहानशा टाकींत ते एकत्र सोडावयाचे, आठ-पंधरा दिवसांत त्यांतला एक मेलेला व दुसरा पर फाटून कोपऱ्यांत दडलेला पाहावयाचा, आणि मग माशाच्या कुळाला बोल लावून मोकळें व्हावयाचें, हा क्रम आम्हीं अनेक घरीं पाहिला आहे. आमचें मत याहून निराळें आहे. खुज्या सिक्लिडांच्या टाकींत जो रक्तपात होतो त्याचा पुष्कळसा भाग माशाच्या स्वभावानें होत नाहीं, टाकी मांडणाराच्या हातून होतो. मासा भांडणार हें खरें. पण भांडणाचें पर्यवसान मरणांत व्हावें कीं नाहीं हें बहुधा आपण टाकी विकत घेतों त्याच दिवशीं ठरून जातें. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि टाकीचे पैसे ज्यांना द्यावे लागतात त्या त्यांच्या पालकांनीं, या गोष्टीचा विचार आधीं करावा.

सिक्लिड हें माशांचें एक मोठें कुळ आहे. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका हीं त्याचीं मुख्य माहेरघरें. तथापि तें आपणांस अगदींच परकें नाहीं. गोव्याच्या बाजारांत ज्यास काळुंदर म्हणतात व केरळांत करिमीन, तो मासा याच कुळांतला. त्याचाच एक धाकटा भाऊबंद, नारिंगी-पिवळ्या रंगाचा व जेमतेम बोटभर लांबीचा 'मॅक्युलेटस', दक्षिण भारताच्या व श्रीलंकेच्या किनाऱ्यालगतच्या खाड्यांत आणि ओढ्यांत राहतो. घरोघरच्या टाक्यांत मात्र परदेशी पाहुणेच अधिक आढळतात: अमेझॉनच्या खोऱ्यांतील ॲपिस्टोग्रामा, ओरिनोकोच्या खोऱ्यांत म्हणजे व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांच्या गवताळ मैदानी प्रदेशांत सांपडणारा रॅम, आणि पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरियाकडचा क्रिबेन्सिस. हे सारे दोन ते चार इंचांचे. म्हणून त्यांस 'खुजे' म्हणावयाचें. आणि आमच्या समजुतीप्रमाणें सर्व घोटाळ्याचें मूळ या एका शब्दांत आहे. मासा खुजा, तेव्हां त्याला जागाहि खुजी पुरेल, असा तर्क ग्राहक करतो, आणि त्याला नाहीं म्हणण्यांत दुकानदाराचें कांहींच हित नसतें.

वस्तुतः हे मासे पाण्यापेक्षां तळ अधिक वापरतात. निऑन टेट्रांचा थवा आज येथें तर उद्यां तेथें. सिक्लिडाला मात्र पत्ता असतो. उथळ ओढ्यांत गळून पडलेल्या पानांचा जो थर सांचतो त्यांत ॲपिस्टोग्रामा राहतात. तेथें एकेक मादी आपल्या बिळाभोंवतालची थोडीशी जागा राखते, आणि नर अशा अनेक माद्यांच्या जागा पोटांत घेईल एवढी हद्द राखतो. त्या हद्दीवर दुसरा नर आला म्हणजे दोघांचेहि रंग पालटतात, पाठीवरचा पर उभा राहतो, दोघे एकमेकांपुढें आडवे उभे राहून आपापली लांबी दाखवितात, शेपटीच्या फटकाऱ्यानें एकमेकांवर पाण्याचा लोट मारतात. आणि एवढ्यानेंहि निकाल न लागला तर जबड्यांत जबडा अडकवून रेटारेटी करतात. पाहणारास हें युद्ध वाटतें. परंतु या साऱ्या समारंभानें साधतें तें हें कीं, दोघांत वरचढ कोण हें फारशी इजा न होतां ठरून जातें. तें ठरलें म्हणजे हरलेला पर मिटतो, रंग फिका करतो, आणि निघून जातो. चार हात दूर गेला कीं तंटा मिटला.

टाकींत या क्रमांतली शेवटची पायरीच नसते. हरलेला मासा पर मिटतो, रंग टाकतो, शरण जातो. पण जाणार कोठें? वीतभर पुढें कांच आहे. तो डोळ्यांसमोरच राहतो, आणि जिंकलेल्याच्या लेखीं डोळ्यांसमोर राहणें म्हणजे आव्हान चालूच ठेवणें. म्हणून तो पुन्हा धांवून जातो, पुन्हा हाकलतो, आणि ओढ्यांत अर्ध्या मिनिटांत संपलें असतें तें भांडण टाकींत तीन-तीन दिवस चालतें. हरलेला मासा वरच्या कोपऱ्यांत, हीटरच्या किंवा गाळणीच्या नळीमागें, पर आवळून उभा राहतो. अन्न टाकलें तरी खालीं येत नाहीं. घरची माणसें म्हणतात, मासा आजारी झाला, आणि बाटलींतलें निळें औषध पाण्यांत ओततात! शत्रूला शरण येऊं दिलें पण जाऊं दिलें नाहीं, एवढाच त्याचा आजार असतो.

आतां टाकीचें माप पाहूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी जी टाकी सर्वत्र मिळते तींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें, आणि तिचा तळ दोन चौरस फूट असतो. हीच टाकी दीड फूट उंच घेतली तर पाणी ८५ लिटर होतें, किंमत वाढते, दिवाणखान्याला शोभाहि येते. पण तळ दोन चौरस फूटच राहतो. नुसत्या उंचीनें सिक्लिडाला इंचभरहि जमीन मिळत नाहीं. यास्तव उंचीचे पैसे लांबींत घालावे, अशी आमची पालकांस आग्रहाची सूचना आहे. तीन फूट लांबीची, फूटभर उंचीची टाकी दिसावयास साधी दिसेल, परंतु तिच्या दोन टोकांस दोन घरें होऊं शकतात, दोन फुटांत तीं होणें कठीण. (दोघांच्या बाकावर तिघांस बसविलें म्हणजे वर्गांत काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको; त्यांत त्या तिघांचें कुळ तपासण्याचें कारण पडत नाहीं.)

दुसरा प्रश्न, टाकींत कोणास ठेवावें हा. येथें 'सिक्लिडाची एक जोडी द्या' एवढें म्हणून भागत नाहीं, कारण या निरनिराळ्या जातींच्या संसाराच्या रीति निरनिराळ्या आहेत. रॅम आणि क्रिबेन्सिस हे जोडीनें राहणारे. रॅमाची मादी सपाट दगडावर उघड्यांत अंडीं घालते व क्रिबेन्सिसाची गुहेच्या आंत. पण दोहोंतहि नर-मादी मिळून अंड्यांची व पिलांची राखण करतात. ॲपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत मात्र एका नराच्या अनेक माद्या असतात. अंडीं-पिलें ही सर्वस्वी मादीची जबाबदारी, आणि नर बाहेरची हद्द सांभाळतो. म्हणजे रॅमाच्या बाबतींत एक नर व दोन माद्या आणणें म्हणजे एका मादीचे हाल करणें, आणि ॲपिस्टोग्रामाच्या बाबतींत एक नर व एकच मादी आणणें म्हणजे नराचा सारा जांच तिच्या एकटीच्या माथीं मारणें होय. दोन नर तर दोन फुटांच्या टाकींत कोणत्याहि जातीचे ठेवूं नयेत. दुकानांत एका पिशवींत घालून 'जोडी' म्हणून जे देतात तो पुष्कळदां केवळ एक नर व एक मादी असते. त्यांची एकमेकांशीं ओळखहि नसते. रॅमाची खरी जोडी हवी असेल तर पांच-सहा पिलें मोठ्या टाकींत एकत्र वाढूं द्यावींत आणि दोघांनीं मिळून एखादी जागा राखावयास आरंभ केला म्हणजे बाकीचीं दुसरीकडे न्यावींत. ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं जोडी जमलेली प्रत्यक्ष पाहूनच विकत घ्यावी. आणखी एक सावधगिरी अशी कीं, कॉकाटू या नांवानें विकल्या जाणाऱ्या ॲपिस्टोग्रामाचे दुबळे नर बलवान नराच्या देखत मादीसारखे रंग धारण करतात. मादी म्हणून घरीं आणलेला मासा महिनाभरानें नर निघाला असें जें होतें त्याचें हें एक कारण.

सर्वांत नाजूक वेळ अंडीं घातल्यानंतरची. कॉकाटूचा नर वाढून तीन इंचांच्या वर जातो, मादी दोन इंचांची. एरवीं ती त्याच्यापुढून बाजूला होते. परंतु अंडीं गुहेच्या छताला चिकटवून झालीं कीं तिचा रंग लिंबासारखा पिवळा होतो, अंगावर काळ्या खुणा उमटतात, आणि तीच आपल्याहून दीडपट मोठ्या नरावर धांवून जाते. पाण्याच्या उष्णतेप्रमाणें तीन-चार दिवसांत अंडीं फुटतात, आणखी पांच-सहा दिवसांनीं पिलें पोहूं लागतात. हा सर्व काळ तिला नर जवळ नको असतो. ओढ्यांत नर आपल्या हद्दीच्या दुसऱ्या टोकास जातो. टाकींत जावयास जागा नसली म्हणजे दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. मादी नराला जेर करते. किंवा नर उलटतो, आणि सकाळीं मादी मेलेली सांपडते. आपल्या अंड्यांचें रक्षण करतांना ती मेली, आणि तिला वांचविण्यास फार तर बारा इंच जमीन अधिक लागली असती, हें ज्या मुलाची ती टाकी असते त्याला कोणी सांगत नाहीं. तो नराला 'खुनी' म्हणतो व विसरून जातो. हें आम्हांस त्या माशाच्या मरणाइतकेंच वाईट वाटतें.

मग मांडणी कशी करावी? पहिला नियम असा कीं, भांडण डोळ्यांतून सुरू होतें. जें दिसत नाहीं त्याच्याशीं मासा भांडत नाहीं. टाकी मांडून झाली म्हणजे तिच्या एका टोकाशीं खालीं बसून, डोळे तळाच्या पातळीस आणून पाहावें. दुसऱ्या टोकापर्यंतचा तळ आपणांस सरळ दिसत असेल तर तो माशालाहि दिसतो, आणि तशी टाकी कितीहि मोठी असली तरी ती एकच खोली होय. मधोमध लाकडाचा एक वेडावांकडा ओंडका किंवा पांच-सहा इंच उंचीची दगडांची रास ठेवावी, तिच्या सांदींत जावा फर्न बांधावा, म्हणजे त्याच खोलीच्या दोन होतात. दगड वाळूवर न ठेवतां आधीं तळाच्या कांचेवर घट्ट बसवावे व मग भोंवतीं वाळू घालावी. हे मासे वाळू उकरतात, आणि रास ढांसळली तर कांच तडकते.

दुसरा नियम बिळांचा. जितक्या माद्या त्याहून निदान एक बीळ अधिक असावें, आणि त्यांचीं तोंडें एकमेकांकडे नसावींत. यासाठीं दुकानांतील रंगीत किल्ले व कवट्या आणण्याची मुळींच जरूर नाहीं. संक्रांतीचीं रंग न दिलेलीं सुगडें घ्यावींत, कडेला कानशीनें घांसून लहानसें भोंक पाडावें व तीं उपडीं ठेवावींत. नारळाची करवंटी स्वच्छ खरवडून, दोन-तीनदां उकळून घेतली तर तीहि चालते. भोंक मादी आंत जाईल पण नर जाणार नाहीं एवढेंच ठेवावें. हा एवढासा उपाय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यानें दुबळ्याला दार मिळतें आणि बलवानाला मिळत नाहीं. तळावर देशी बदामाचीं वाळलेलीं पानें धुऊन पसरावींत. कोंकणांत व मुंबईंत हें झाड शाळांच्या आवारांतूनहि उभें असतें, आणि लाल होऊन गळलेलीं पानें कोणासहि फुकट मिळतात. पाण्याला चहासारखा रंग येतो, त्याची भीति बाळगूं नये. ॲपिस्टोग्रामाच्या कित्येक ओढ्यांचा रंग तसाच असतो. फवारणी झालेल्या बागेंतलीं पानें मात्र घेऊं नयेत.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. पुढें १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे कॉन्राड लॉरेन्झ यांनीं १९६३ सालीं आक्रमकतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सिक्लिडांची जोडी अगदीं एकटी ठेवली तर नर आपल्याच मादीवर उलटतो, आणि कांचेच्या पडद्याआड शेजारी असला तर राग त्याच्यावर निघून घरांत शांतता राहते, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें १९६९ सालीं ॲन रासा यांनीं जोडी एकटी ठेवण्याचे काय परिणाम होतात याविषयीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते प्रयोग ज्या माशावर झाले तो आपला दक्षिणेचा मॅक्युलेटस, हें आमच्या वाचकांस ऐकून गंमत वाटेल. राग हा हौदांतल्या पाण्यासारखा आंत सांचत जातो ही लॉरेन्झ यांची उपपत्ति पुढील अनेक शास्त्रज्ञांनीं मान्य केली नाहीं, आणि आम्हांसहि ती पटत नाहीं. पण अनुभव म्हणून एवढें खरें कीं, वरच्या थरांत पोहणाऱ्या आठ-दहा लहान, चपळ माशांचा थवा टाकींत असला म्हणजे सिक्लिडांची जोडी अधिक धीट व आपसांत अधिक सौम्य राहते. वरचे मासे निर्धास्त हिंडतांना दिसले कीं शत्रु जवळपास नाहीं असें तळच्यांस कळतें, आणि राखणीला कारण मिळाल्यामुळें जोडीचें लक्ष बाहेर राहतें. मात्र हे सोबती तळाशीं राहणारे नसावेत. कोरिडोरस वगैरे तळचे मासे सिक्लिडाच्या अंड्यांपाशीं रात्रीं जातात आणि मार खातात; दोन फुटांच्या टाकींत त्यांची भरती करणें आम्हांस पसंत नाहीं.

कित्येक शौकीन एक उलटाच उपाय सांगतात: टाकी माशांनीं गच्च भरा, म्हणजे मार सर्वांत वांटला जाईल. आफ्रिकेंतील मलावी सरोवराचे खडकांत राहणारे सिक्लिड मोठ्या टाकींत, भक्कम गाळणी लावून, याप्रमाणें ठेवतात हें खरें आहे. पण तेथला नियम ५६ लिटर पाण्यांतल्या रॅमाला लावणें म्हणजे पहिलवानाचा खुराक तान्ह्या मुलास चारणें होय. पाणी बिघडतें, रॅम तर घाणेरड्या पाण्यानें लौकर दगावणारा, आणि भांडण मिटण्याऐवजीं भांडणारेच मिटतात. पोट भरलें म्हणजे मासा शांत होईल या समजुतीनें दिवसांतून पांच वेळां अन्न टाकणें हेंहि तसेंच. सिक्लिड भुकेसाठीं लढत नाहीं, जागेसाठीं लढतो. उरलेलें अन्न मात्र कुजतें. थोडें अन्न दोन-तीन ठिकाणीं टाकावें, म्हणजे एकच मासा सर्वांवर पहारा करूं शकत नाहीं, एवढें पुरे.

नवा मासा आणावयाचा असेल तर आधीं दगड, सुगडें, ओंडका यांच्या जागा बदलाव्या व मग, दिवा मालवल्यावर, त्याला सोडावें. जुन्या रहिवाशांच्या हद्दी पुसल्या गेलेल्या असतात. सकाळीं सर्वांनाच नव्यानें जागा शोधावी लागते. आणि इतकें करूनहि एखादा नर मारकुटाच निघतो, कारण माशामाशांतहि फरक असतो. पर थोडेसे फाटणें ही काळजीची गोष्ट नव्हे. परंतु एखादा मासा सबंध दिवस वरच्या कोपऱ्यांतून हललाच नाहीं, दोन वेळां अन्नाला आला नाहीं, किंवा त्याचे खवले निघालेले दिसले, तर वाट पाहत बसूं नये; कांचेचा किंवा जाळीचा पडदा मध्यें घालावा, नाहीं तर त्याला त्याच दिवशीं बाहेर काढावें. 'उद्यां जुळेल' म्हणून थांबणाऱ्यांच्या टाकींत तो उद्यां क्वचितच उजाडतो.

पालकांस आमची एक वेगळी विनंति आहे. वाढदिवसाची भेट म्हणून टाकी, पाणी, मासे सर्व एकाच संध्याकाळीं आणण्याची जी चाल पडली आहे ती सोडावी. टाकी मांडून, पाणी भरून, गाळणी चालू करून महिनाभर जाऊं द्यावा. गाळणींत घाण पचविणारे जंतु वाढण्यास तेवढा अवधि लागतो. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणें हें मुलाचें काम, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरिन आधीं काढलें आहे कीं नाहीं हें पाहणें वडील माणसाचें. पहिल्या वर्षीं तर आमच्या मतें जोडी आणूंच नये. ॲपिस्टोग्रामाचा एकच नर आणि वर दहा लहान टेट्रा, एवढें दोन फुटांच्या टाकींत ठेवावें. तो नर भरपूर रंग दाखवील, पानें उलथून अन्न शोधील, कांचेशीं येऊन मुलाकडे पाहील, आणि कोणाचाहि जीव जाणार नाहीं. एवढ्यांत मुलाचें मन रमलें तर पुढच्या वर्षीं तीन फुटांची टाकी व माद्या आणाव्या. नाहीं रमलें तर फार नुकसान झालें नाहीं.

राहतां राहिला जास्त झालेल्या माशाचा प्रश्न. नको झालेला मासा कित्येक लोक 'मोकळा करतों' म्हणून विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत सोडतात व पुण्य केल्यासारखें घरीं येतात. हें कधींहि करूं नये. खाण्यासाठीं म्हणून १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेला मोझांबिकचा टिलापिया हा याच कुळांतला. तो आज देशाच्या अनेक भागांतील तळ्यांत व धरणांत ठाण मांडून बसला आहे आणि तेथल्या मूळच्या माशांची जागा व अन्न खातो आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वींच दुकानदारास विचारून ठेवावें कीं न जुळलेला नर तो परत घेईल काय. घेणार नसेल, तर त्याला वेगळें ठेवण्यास फूट-दीड फूट लांबीची, गाळणी लावलेली दुसरी टाकी घरीं हवी. तिची सोय होत नाहीं तोंवर एका नराच्या वर दुसरा आणूं नये.